सहा हजार दोनशे चाळीस

बसा.

दुकान बंद झालं आहे. शटर गुडघ्याएवढं वर ठेवलं आहे, तेवढ्यातून रस्त्यावरचा उजेड आत येतो. कबनूर चौकातली वर्दळ ओसरत आली आहे. इचलकरंजीहून हातकणंगल्याकडे एखादी गाडी जाते. तिच्या दिव्यांचा पट्टा फरशीवरून सरकतो आणि जातो.

तेलाचा रिकामा डबा पालथा घाला, त्यावर बसा. पाठ साखरेच्या पोत्याला टेकली तरी चालेल.

घाई नाही.

ऐका. मागच्या गल्लीत माग चालू आहेत. खटखट, खटखट. दिवसभर हा आवाज असतोच, म्हणून तो कोणी ऐकत नाही. आता ऐकू येतो. धोटा एका बाजूला जातो, परत येतो. जातो, परत येतो.

त्या आवाजात तुमचा श्वास येऊ-जाऊ द्या. त्याला वेग लावू नका.

समोर वही आहे. लाल बांधणीची, रोजमेळाची. आजच्या तारखेखाली एकच आकडा लिहिला आहे.

६,२४०.

आजचा गल्ला.

आज आपण या एका आकड्याजवळ बसणार आहोत. एवढंच.

हे दुकान अमक्याचं असं नाही. कबनुरात कुठल्याही गल्लीत असं दुकान सापडेल. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. तुमचं दुकान असेल तर तुमचा आकडा धरा. दुकान नसेल, तर तुम्ही ज्या दुकानातून साखर आणता, त्याच्या फळीमागे थोडा वेळ बसा.

आकड्याकडे पहा.

नुसतं पहा.

पाहताच मनात काहीतरी उठतं. कालच्यापेक्षा कमी. परवापेक्षा बरा. मेव्हण्याच्या दुकानापेक्षा निम्मा. छातीत थोडं आवळतं, किंवा थोडं सैल होतं.

उठू द्या. त्याला उत्तर देऊ नका.

फळीवर वजनकाटा आहे. बटण दाबलं की त्याच्यावरचे लाल आकडे क्षणभर थरथरतात आणि शून्यावर येऊन थांबतात. माल त्यानंतर ठेवायचा. शून्य यायच्या आत ठेवलं तर वजनावर भरवसा ठेवता येत नाही.

आपणही तसेच शून्यावर येऊ. एक श्वास. आणखी एक.

काट्याच्या बाजूला पहा. एक छोटी मोहोर आहे. वैधमापन शास्त्र विभागाची माणसं दर वर्षी हा काटा तपासतात आणि तिथे शिक्का मारतात. आपलं वजन त्यांच्या वजनाशी लावून बघतात. ज्यानं गावाला मोजून दिलं, त्यालाही वर्षातून एकदा मोजून घ्यावं लागतं. मला ही रीत फार आवडते. वहीतल्या आकड्यालाही अशी एखादी तपासणी हवी.

परत वहीकडे या.

६,२४०.

हा आकडा कसा भरला, ते पाहू.

गल्ल्याचा ड्रॉवर हळूच ओढा. नोटा आहेत, नाण्यांची वाटी आहे. दहाच्या नोटा मऊ झालेल्या, काहींना हळदीचा पिवळा डाग. हे ३,९००. उरलेले २,३४० या ड्रॉवरमध्ये नाहीत. ते मोबाईलवर आले आहेत. फळीवरच्या क्यूआर कोडच्या डबीनं दिवसभर मोठ्या आवाजात सांगितलं, इतके रुपये मिळाले. आता ती गप्प आहे.

नोटेला बोट लावा. ही कुणाच्या तरी मुठीतून आली.

आज किती मुठी आल्या?

एकशे तीस.

एकशे तीस वेळा कुणीतरी फळीशी येऊन उभं राहिलं आणि काहीतरी घेऊन गेलं. ६,२४० ला १३० नं भागा. अठ्ठेचाळीस येतात.

मोठ्या दुकानांचे मॅनेजर याला सरासरी बिल म्हणतात. आपण त्याला अठ्ठेचाळीस रुपयेच म्हणू.

अठ्ठेचाळीस रुपयांजवळ थोडं थांबा.

बरोबर अठ्ठेचाळीसचं गिऱ्हाईक दिवसभरात एकही आलं नसेल. सकाळी सातला एक पोरगं आलं. चड्डीच्या खिशात दहाचं नाणं, दुसऱ्या हातात चिठ्ठी. चिठ्ठी वहीच्या कोपऱ्यातून फाडलेली, अक्षर आजीचं. तिनं ‘चापुडी’ असं सलग लिहिलं आहे. पोरानं नाणं फळीवर आपटलं, चहाची पुडी घेतली, आणि चिठ्ठी परत मागितली. उद्या परत तीच चालते.

दहा रुपये.

संध्याकाळी एक बाई आल्या. गोडेतेल, तूरडाळ, कपड्याचा साबण, शेंगदाणे, आणि शेवटी जरा थांबून, लाडूसाठी गूळ. तीनशे दहा.

दोघंही अठ्ठेचाळीसमध्ये बसले आहेत. दोघांनाही एकदा पहा. नाणं आपटल्याचा आवाज. गुळाचं नाव घेण्याआधीचं ते थांबणं.

श्वास घ्या.

आता दाराकडे पहा.

आज या उंबऱ्याशी आलेली सगळीच माणसं वहीत नाहीत. काही आली आणि रिकाम्या हातांनी गेली. त्यांना वहीत ओळ नाही.

त्यांच्यातली एक आठवा.

उन्हाचे दिवस आहेत, घराघरात चटणीची तयारी चालू आहे. मिरच्या वाळवून, देठं खुडून ठेवल्या आहेत. कांडायला न्यायच्या आधी मसाला जमवायचा आहे. एक मावशी फळीशी येतात.

“नागकेशर हाय काय हो?”

“न्हाई बघा मावशी. संपलंय.”

“बरं, ऱ्हाऊ दे मग.”

एवढंच बोलणं. ते दोन श्वासांत संपलं.

पण मावशींबरोबर थोडं चालत जा. त्या पुढच्या चौकात दुसऱ्या दुकानात जातात. तिथे नागकेशर मिळतं. मग तिथेच धने घेतात, तीळ घेतात, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, लवंग, दालचिनी. पिशवी भरते. नागकेशर त्यात चिमूटभर आहे. बाकीचं सगळं आपल्याही दुकानात होतं.

परत या.

दारातून किती आली आणि त्यांतली किती घेऊन गेली, हे मोठ्या दुकानांत यंत्रं मोजतात. दारावर एक डोळा बसवलेला असतो. इथे डोळा तुमचाच. आज किती जण ‘बरं, ऱ्हाऊ दे’ म्हणाले?

डोळे मिटून मोजा. आठवतील तेवढे.

मोजताना मन पटकन कारण द्यायला लागेल. मालच आला नाही, एजंट फिरकला नाही. कारणं खरीच असतील. आत्ता ती बाजूला ठेवा. नुसते चेहरे येऊ द्या.

आठ. नऊ. तेवढे पुरेत.

आता उठा आणि हळूहळू फळ्यांजवळ जा.

वरच्या फळीवरून बोट फिरवा. मधल्या. खालच्या.

साखरेचा कप्पा स्वच्छ आहे. रोज रिकामा होतो, रोज भरतो. बिस्किटांची रांग पुढून तुटलेली आहे. दुधाच्या पिशव्यांचा क्रेट ओला आहे आणि रिकामा.

कोपऱ्यात केसाच्या तेलाच्या चार बाटल्या आहेत. झाकणावर बोट टेकवा.

धूळ.

त्यांच्यावर छापलेली तारीख वाचा. वाचून घाबरू नका. पहा, की हे पैसे इथे किती दिवस उभे आहेत.

महिन्याला या दुकानात साधारण १,८७,००० रुपयांची विक्री होते. शेकडा दहा मागे राहतात असं धरलं, तर विकलेला माल खरेदीच्या भावानं १,६८,००० चा. आणि या क्षणी फळ्यांवर, पोत्यांत, डब्यांत मिळून जो माल आहे, तो असेल पावणेदोन लाखांचा. म्हणजे दुकानातला सगळा माल महिन्यातून जेमतेम एकदा फिरतो.

फिरतो, हा शब्द दुकानदार सहज वापरतात. साखर महिन्यातून दहादा फिरते. तेलाच्या बाटल्या वर्षभर हललेल्या नाहीत. सरासरीत दोन्ही एकच होऊन जातात. बोटाला मात्र फरक कळतो.

एकेका फळीपुढे उभे रहा. काय हलतं, काय थांबलंय, ते बोटाला सांगू द्या. या कामाला कुठलंही यंत्र लागत नाही.

माल निम्मा करून तेवढीच विक्री झाली, तर तोच पैसा महिन्यातून दोनदा फिरेल. अडकलेले ऐंशी-नव्वद हजार मोकळे होतील. हा हिशेब उद्या सकाळी करा. आत्ता फक्त धुळीचा स्पर्श लक्षात ठेवा.

परत बसा.

महिन्याकाठी मागे राहतात अठरा-एकोणीस हजार. त्यातून भाडं जातं, विजेचं बिल जातं, पिशव्या, फुटतूट, उंदरांनी कुरतडलेलं पोतं जातं. जे उरतं, त्याला नफा म्हणतात.

आता फळीमागची दुसरी खुर्ची पहा.

प्लॅस्टिकची, एका पायाला तडा गेलेली. पाठीवर एक स्वेटर टांगलेलं आहे.

इथे दुपारी बारा ते चार घरातली बाई बसते. मालक माल भरायला इचलकरंजीत जातात, जेवून घटकाभर पडतात, तेव्हा दुकान ती चालवते. सकाळी शटर वर जाण्याआधी झाडलोट तिनं केलेली असते. डाळी निवडून पाव-पाव किलोच्या पुड्या तिनंच बांधलेल्या आहेत. पुडीची गाठ पहा. एकसारखी आहे, प्रत्येक पुडीला.

तिच्या तासांना वहीत ओळ नाही.

इथे जरा जास्त वेळ थांबू. मला वाटतं, दुकान चाललं की नाही चाललं, हे ठरवणारे बहुतेक मापदंड इथे आंधळे होतात. नफा काढताना तिच्या मजुरीची वजाबाकी कुणी करत नाही. ती केली, तर कितीतरी चाललेली दुकानं तोट्यात निघतील. आणि कितीतरी दुकानं केवळ तिच्यामुळे उभी आहेत, हेही दिसेल.

रोजचे चार तास. महिन्याचे एकशे वीस.

स्वेटरकडे पहा. श्वास घ्या.

ड्रॉवरखाली दुसरी वही आहे. लांबट, कडा काळ्या पडलेल्या. उधारीची.

उघडा.

प्रत्येक घराला एक पान. नावाखाली तारखा आणि रकमा. काहींवर तिरकी रेघ मारली आहे, फिटली. काहींवर नाही.

आज हजार रुपयांचा माल या वहीत गेला, आणि जुन्यातले हजारच परत आले. म्हणून आजचा गल्ला आणि आजची विक्री जुळतात. रोज जुळत नाहीत. गल्ला भरलेला दिसतो तेव्हा त्यात मागच्या महिन्याची तूरडाळ असू शकते.

आता या वहीची बेरीज. येणं बाकी २२,०००.

रोज हजाराची उधारी जाते आणि २२,००० बाहेर आहेत. म्हणजे गेलेला पैसा परत यायला बावीस दिवस घेतो.

बावीस दिवस.

गल्लीतल्या बहुतेक घरांत पगार आठवड्याला होतो. मग पैसा सात-आठ दिवसांत यायला हवा. आठाचे बावीस का झाले?

ऐका.

खटखट, खटखट. पण आवाज पूर्वीइतका दाट आहे का? पलीकडच्या शेडमधून येणारा आवाज आज नाही.

सुताचा भाव वरखाली होतो, कापडाला मागणी राहत नाही, तेव्हा माग थांबतात. मागावरच्या कारागिराला मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते. एका इंचात आडवे धागे किती बसले, त्याला पिक म्हणतात, आणि या भागात मजुरीचा दर ५२ पिकाच्या कापडावर बोलला जातो. माग थांबला की मीटर थांबतात. मीटर थांबले की पगार. पगार थांबला की या वहीतली तिरकी रेघ.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. तेव्हापासून या परिसराचं धान्य-मीठ मागावर विणलं जातं. दुकानाची उधारी वाढली, तर दुकानदारानं आधी स्वतःला दोष देऊ नये. खिडकी उघडून आवाज ऐकावा.

एक पान निवडा. नाव वाचू नका. शेवटची ओळ फक्त वाचा. साबूदाणा पावशेर, शेंगदाणे पावशेर. कुणाचा तरी उपवास होता.

पान मिटा.

वहीची जुनी पानं चाळा. गेल्या वर्षीची याच दिवसाची तारीख काढा. तिथे लिहिलं आहे, ७,९००.

छातीत काय होतं, ते पहा.

आज ६,२४०. गेल्या वर्षी याच तारखेला ७,९००. मन लगेच म्हणतं, दुकान खाली चाललं.

थांबा. तारीख तीच आहे. दिवस तोच आहे का?

गेल्या वर्षी या तारखेला पगाराचा दिवस होता. आज नाही, तो उद्या आहे. एवढ्यानं दीड हजाराचा फरक पडतो.

सण तर तारखेला बांधलेलेच नसतात. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. मध्ये अधिक श्रावण आला आणि सगळं पुढे गेलं. ज्यानं ऑक्टोबरशी ऑक्टोबर लावून पाहिला, त्याला २०२३ चा ऑक्टोबर ओसाड दिसला. रवा, मैदा, पोहे, डालडा, सगळं नोव्हेंबरात जाऊन बसलं होतं.

रमजान ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. २०२४ साली ती ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. दुकानाचं हिशेबी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. म्हणजे २०२४-२५ या एकाच वर्षात दोन ईद बसल्या. शेवया, खजूर, चारोळी, बदाम, दोनदा विकले गेले. त्या वर्षाचा आकडा पाहून कुणी पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट ठरवलं असेल, तर त्यानं पुढच्या वर्षावर न घडलेली ईद लादली.

तेव्हा हात धरून दिवस दिवसाशी लावा. पगारवार पगारवाराशी. धनत्रयोदशी धनत्रयोदशीशी. चाँदरात चाँदरातीशी. चटणीचे दिवस चटणीच्या दिवसांशी.

पानं मागे-पुढे करा. सावकाश. योग्य पान सापडेपर्यंत.

सापडलं. पगाराच्या आदल्या दिवसाचा गल्ला, गेल्या वर्षी ६,१००.

आता पुन्हा वाचा. ६,२४०.

छाती सैल झाली असेल. तेही पहा, आणि सोडून द्या. वर्षभरात भावही वाढलेत. ते एकशे चाळीस रुपये महागाईचे असू शकतात. गेल्या वर्षी गिऱ्हाइकं किती होती, ते त्या पानावर लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर कळलं असतं.

आता नजर भिंतींवर न्या.

दुकान दहा फूट रुंद, पंधरा फूट खोल. दीडशे चौरस फूट. वर्षाची विक्री साडेबावीस लाखांच्या जवळ. भागून पाहिलं, तर एका चौरस फुटाला वर्षाला पंधरा हजार रुपये.

पायाखालची फरशी पहा. एक फूट बाय एक फूट. या एका फरशीवर पंधरा हजार.

देशातल्या नावाजलेल्या किराणा साखळ्यांत डी-मार्ट आहे. २००२ मध्ये पवईत त्यांचं पहिलं दुकान उघडलं. त्यांच्या वार्षिक अहवालात हाच आकडा असतो. २०२३-२४ साली तो सुमारे ३३,००० रुपये होता. दुपटीहून जास्त.

या दोन आकड्यांमध्ये शांत उभे रहा. कमीपणा वाटला तर वाटू द्या.

मग बाहेरच्या पायरीकडे पहा.

आपलं गिऱ्हाईक उभं राहतं ते रस्त्यावर. पायरीवर. सायकलला टेकून. दीडशे चौरस फुटांत त्याला जागाच नाही, सगळा माल आहे. मोठ्या दुकानात गिऱ्हाईक आत फिरतं, ढकलगाडी फिरते, रांग लागते, आणि ती सगळी जागा त्यांच्या भागाकारात धरलेली असते. म्हणजे तुलना आपल्याला आणखीनच जड जाते. हे कबूल करावं.

आणि तिथे उधारीची वही नाही. साबूदाणा पावशेर तिथे लिहून ठेवत नाहीत.

दोन्ही गोष्टी एकदम मनात राहू द्या. एकीनं दुसरीला ढकलून द्यायचं कारण नाही.

मापदंड घ्यायचाच, तर मला आणखी लांबचा एक सुचतो. माझ्याबरोबर या.

डिसेंबर महिना. इंग्लंडातलं रॉचडेल गाव, मँचेस्टरच्या शेजारचं. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, तेव्हा आपण फार परक्या मुलखात आलेलो नाही. इथेही माग आहेत. इथेही मजुरी अपुरी आहे. दुकानदार पिठात भेसळ करतात, वजन मारतात.

तारीख २१, साल १८४४. टोड लेन नावाच्या गल्लीत एक दार उघडतं. आत मेणबत्त्या. विणकर आणि इतर कारागीर मिळून अठ्ठावीस जणांनी हे दुकान काढलं आहे. अठ्ठावीस पौंड भांडवल. फळीवर काय आहे, पहा. लोणी. साखर. पीठ. ओटचं पीठ. थोड्या मेणबत्त्या.

एवढंच. फळीची उरलेली लांबी रिकामी.

त्या रिकाम्या फळीकडे पहा.

त्यांनी आपल्यासाठी काही नियम घालून घेतले. माल शुद्ध, वजन पुरं, व्यवहार रोखीचा. आणि उरलेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली, त्या प्रमाणात त्याला परत. म्हणजे हिशेबाच्या वेळी दुकानाची वही उघडली की एक प्रश्न त्यात असे, विणकराच्या घरी किती परत गेलं?

हा प्रश्न पुढे जगभर फिरला. आपल्या जिल्ह्यातही आला. १९३९ साली कोल्हापुरात शेतकरी सहकारी संघ उभा राहिला. वारणेच्या काठी तात्यासाहेब कोऱ्यांच्या वारणानगरात वारणा बाजार झाला, खेड्यातल्या माणसासाठी मोठं दुकान. मालक तेच, गिऱ्हाईकही तेच.

आपलं दुकान सहकारी नाही. एका घराचं आहे. घराला पोट आहे. तरी तो प्रश्न इथे, या डब्यावर बसून, एकदा विचारून पहा.

या गल्लीत माझ्या दुकानामुळे काय परत गेलं?

उत्तर शोधू नका. प्रश्न बसू द्या.

पुरं वजन गेलं. सकाळी सात वाजता चहाची पुडी गेली. पगार थांबला, त्या आठवड्यात तांदूळ गेला.

आणखी काही येतं का, पहा. नाही आलं तरी चालेल.

श्वास घ्या. बाहेर सोडा.

शेवटी एक चेहरा राहिला आहे.

आजचे एकशे तीस डोळ्यांपुढून हळूहळू जाऊ द्या. बहुतेक ओळखीचे. कोण कुठल्या गल्लीतला, कुणाची सून, कुणाचा नातू. रोज येणारे, आठवड्याला येणारे.

आता पहा, या रांगेत कोण नाही.

आधी यायचे, आणि बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत. रांगेत मधेच एक जागा रिकामी आहे. तिथे कोण उभं असायचं?

येऊ द्या. नाव लगेच आठवत नाही. आधी आवाज आठवतो, किंवा पिशवीचा रंग. कोपऱ्यावरच्या त्या काकू. त्यांना नेहमी बारीक पोहे लागायचे, आणि पुडी हातात घेऊन त्या म्हणायच्या, “वजन नीट बघितलंस न्हवं?”

त्या कधीपासून येत नाहीत?

मोठ्या दुकानांत याचाही आकडा असतो. गेल्या महिन्यात आलेल्यांपैकी या महिन्यात किती परत आले. तो आकडा काढायला तिथे कार्ड लागतं, मोबाईल नंबर लागतो, संगणक लागतो. तुम्हाला आठवण पुरते. आणि यातलं सगळ्यांत मोलाचं माप मला हेच वाटतं, कारण हे घसरायला लागतं तेव्हा गल्ला अजून भरलेला असतो.

काकू का येत नाहीत, याचा अंदाज बांधू नका. मुलानं महिन्याचं सामान एकदम आणलं असेल. पाय दुखत असतील. माग बंद पडला असेल आणि मागची उधारी फेडता आली नसेल, म्हणून या दारावरून जायलाच संकोच वाटत असेल. कुणी दुपारी तुटक बोललं असेल. प्रत्येक कारणावर करायची गोष्ट वेगळी आहे.

उद्या त्या रस्त्यानं जाताना दिसल्या, तर एवढंच विचारा.

“काय काकू, बरं हाय न्हवं? लई दिवसांत आला न्हाईत.”

आणि मग ऐका. जेवढा वेळ त्या बोलतील तेवढा वेळ.

आता पेन घ्या. वही समोर ओढा.

६,२४० च्या खाली जागा आहे. तीन ओळी मावतील.

पहिल्या ओळीत लिहा, गिऱ्हाईक १३०.

दुसऱ्या ओळीत, परत गेले ९. आणि त्याच ओळीत पुढे त्यांनी काय मागितलं होतं ते. नागकेशर. सुतळी. मुलांच्या वहीची कव्हरं. आठवतील तेवढी.

तिसऱ्या ओळीत, बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत, असं लिहा. आणि पुढे आकडा न घालता नावं लिहा.